बाजार उठला

सिंगापूरच्या सेरंगून भागात राहणाऱ्या, मूळ पुण्याच्या प्रबोध केतकरांचा पेशा बँकेसाठी जोखीम मोजण्याचा आणि हौस ऑनलाइन अंदाजबाजाराची. तिथे व्हिडिओ गेमच्या सामन्यांवर फुकटचे पॉइंट लावायचे. जिंकणाऱ्या टीमचा भाव चढतो, हरणारीचा पडतो. अंदाज चुकला तर दोष टीमचा, बरोबर आला तर बुद्धी पुण्याची.

फायनलच्या दिवशी नेमकी मीटिंग निघाली. सामना कसा चाललाय ते विचारायला त्यांनी हळूच घरी फोन लावला. तो लेकीने, शिवांगीने घेतला. टीव्हीवर सामना बघत कांदा चिरणारी त्यांची बायको अनघा तिला म्हणाली, "सांग बाबाला, तुझ्या टीमचा बाजार उठला!"

इंग्रजी शाळेतल्या लेकीने इमानाने सिंगापुरी इंग्रजीत निरोप पोचवला, "बाबा, युअर मार्केट गोइंग अप, लाह!"

स्क्रीनवर तर भाव पडलेला दिसत होता. पण आकडेच उशिरा येत असणार, असं ठरवून प्रबोधरावांनी टेबलाखालून उरलेसुरले सगळे पॉइंट लावले. दहाव्या मिनिटाला टीम गारद झाली.

संध्याकाळी बूट काढता काढता ते पुटपुटले, "तो रविवारचा मराठीचा वर्ग... अजून नाव घालता येईल का?"

"कुणाचं?" अनघाने विचारलं. "सिंगापुरात मराठीवाचून काय अडतंय, असं जो म्हणाला होता, त्याचं?"