बैल गेल्यावरचा गॅस

वत्सलाबाईंना न विचारता देशाचं गॅसचं धोरण ठरलं. नंतर ते दुरुस्त करायला त्यांना दोन महिने लागले.

दिंद्रुडपासून थोडं आत एक गाव आहे. तिथं शाळेला लागून ऊसतोड मजुरांच्या मुलांचं हंगामी वसतिगृह चालतं. दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन जातात आणि मुलं इथं राहतात. यंदा सव्वीस होती. त्यांचा स्वयंपाक वत्सलाबाई करतात, गेली नऊ वर्षं. त्याआधी वीस वर्षं त्या स्वतः ऊस तोडत होत्या. त्यांची मुलगी तिसरीत असताना त्यांच्यासोबत फडावर गेली. ती पुन्हा शाळेत बसली नाही. वत्सलाबाई हे कुणाला सांगत नाहीत. भात मात्र एक दिवस चुकवत नाहीत.

श्रावण सरताना त्या हंगामाच्या टाक्या सांगायला गॅस एजन्सीत गेल्या. काउंटरवर रामहरी होता.

"मावशी, यंदा मोठी टाकी मिळंल असं धरू नका."

"कावून?"

"निम्म्याहून जास्त गॅस देशाबाहेरून येतो. जहाजं कमी येयलेत. वरून आदेश हाय, आधी घरं. पाइपातला गॅस आधी खताच्या कारखान्याला. हॉटेलं, खानावळी मागं."

"मी कुठं हॉटेल चालवते?"

"तुमचं कनेक्शन त्यातच हाय."

"सव्वीस लेकरं जेवतात ते घर न्हाई?"

रामहरीनं यादी पुन्हा पाहिली. "कागदावर न्हाई, मावशी."

"मग कागद जेवू घाल," असं म्हणून वत्सलाबाई एसटीकडं निघाल्या.

मुख्याध्यापक सोमेश्वर गुरुजींनी हिशेब मांडला. सरपणावर एक वेळचं निघेल, दोन वेळचं नाही. जळणाला चालते ती कपाशीची पऱ्हाटी फाल्गुनाआधी शेतातून उपटत नाहीत. दुसऱ्या वेळची सोय नसेल तर वसतिगृह उघडता येणार नाही. "मग पोरं फडावर जाणार," ते म्हणाले.

"न्हाई जाणार," वत्सलाबाई म्हणाल्या.

शाळेच्या भिंतीपलीकडं बद्रीनाथभाऊंचा गोठा. त्यांच्या वडिलांनी तिथं मोठा गोबरगॅस बांधला होता, तेव्हा दावणीला वीस जनावरं होती. आता दोन म्हशी उरल्या होत्या आणि घुमटावर शेळ्या बसत.

"ते मेलंय, मावशी," बद्रीनाथभाऊ म्हणाले.

"उपाशी हाय. मेलेलं न्हाई. गॅस लेकरांना, उरलेलं शेण तुमच्या उसाला. बोला."

भाऊ हसले. "तुमी आमदार कावून झाला न्हाई?"

"भाकरी कोण करणार?"

गावातल्या प्रत्येक दावणीवरून शेण आलं. वत्सलाबाई रोज पाण्यात हात घालून कालवत, खडे वेचत. पंधरा-वीस दिवसांनी नळी फुसफुसली. काडी लावली तर ती विझली. बघायला जमलेले लोक पांगले. वत्सलाबाईंनी तो गॅस सोडून दिला. पहिला गॅस जळत नाही, एवढं त्यांना माहेरीच कळलं होतं. चौथ्या खेपेला शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. गुरुजींनी वाकून ती नीट पाहिली. मग त्यांनी सव्वीस पालकांना निरोप धाडले, बिनधास्त जा.

दसरा झाला. ट्रक भरले, बैलगाड्या जुंपल्या. गावातले चाळीस कोयते, म्हणजे चाळीस नवराबायको, गेले. मुलं वसतिगृहात आली. पहिल्या दिवशी वरणभात झाला, दुसऱ्या दिवशीही झाला. सहाव्या दिवशी ज्योत पिवळी पडली आणि वरण अर्धं कच्चं राहिलं.

वत्सलाबाई बादली घेऊन शेणाला निघाल्या. पहिली दावण रिकामी होती. दुसरी रिकामी. तिसऱ्या दावणीपाशी त्या थांबल्या आणि मोठ्यानं हसल्या.

मागून गुरुजी आले. "काय झालं?"

"वीस वर्षं बैलांच्या मागं चालले, गुरुजी, आन् इसरले. लेकरं येतात त्याच दिवशी शेण जातंय. मायबापासंगं बैल बी गेले."

गुरुजींचा चेहरा उतरला. "मी फोन लावायला घेऊ का? नेतील पोरांना."

"चार दिवस भाकरी आन् पिठलं चुलीवर. फोन खिशात ठेवा."

"बैल कुठून आणणार?"

"बैल कुठं जातात ते मला माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बद्रीनाथभाऊंच्या ट्रॅक्टरवर उसाच्या मोळ्यांपुढं बसून तेलगावकडच्या कारखान्यावर गेल्या. गाडीतळावर बैलगाड्यांची रांग होती. वजनकाट्याला नंबर लागेस्तोवर बैल तासन् तास उभे राहतात. खाली शेणच शेण. बाया ते गोळा करून गोवऱ्या थापत होत्या, कारण फडावरच्या कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली, चूल त्याच्यावरच पेटते. वत्सलाबाईंना हेही ठाऊक होतं. त्यांनी स्वतः इथं थापल्या होत्या.

पाटोद्याकडचा एक गाडीवान जुवाला टेकून तंबाखू मळत होता. नाव शहादेव.

"शेण पाहिजे," वत्सलाबाई म्हणाल्या.

"अन् आमी काय पेटवावं?"

"निम्मं ठेवा. निम्मं द्या."

"कावून द्यावं, मावशी? काय पाहुणपणा हाय का आपला?"

"वसतिगृह हाय. सव्वीस लेकरं. सरकारनं गॅस बंद केला."

शहादेवनं मळणं थांबवलं. "कोयत्याची?"

"कोयत्याची."

त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "माझी बी दोन लेकरं ठेवलीत, तिकडं आमच्याकडच्या वसतिगृहात. तिथली बाई काय शिजवती देव जाणे." मग तो रांगेकडं वळून ओरडला, "ए बे, ज्याचे बैल हागतेत त्यानं या मावशीच्या गोणीत भरा."

"तुझे दोनच जास्त हागतेत," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"खाऊ घालतो म्हणून. तुझ्यासारखं न्हाई."

युरियाच्या रिकाम्या गोण्या भरल्या. ऊस टाकून ट्रॉली एरवी रिकामी परतते, ती यावेळी शेण घेऊन परतली. बद्रीनाथभाऊंचा ऊस दिवसाआड जात होता. तो संपल्यावर शेजाऱ्याचा सुरू झाला. शेणाची वाट मात्र तीच राहिली. आठ दिवसांनी ज्योत पुन्हा निळी झाली.

दिवाळीनंतर तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी घुमटाचा फोटो काढला. शेणापासून गॅस, हेच देशाच्या धोरणात आहे, असं ते म्हणाले. फॉर्मवर एक रकाना होता: गावातील एकूण जनावरे.

"कधीची लिहू?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"दसऱ्याआधीची का नंतरची? तुमच्या धोरणाला सांगा, आमच्याकडं बैल कामाला जातात. आधी ते बघा, मग टाक्या बांधा."

साहेबांनी पेन थांबवलं आणि समासात काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. कर्नाटकातल्या फडावरून भिवराबाई बोलत होती. तिचा मुलगा चौथीत आहे. गॅस बंद झाल्याचं तिला उशिरा कळलं होतं.

"मावशी, पोराला घ्यायला येऊ का? मुकादम उद्या गाडी पाठवतोय."

वत्सलाबाईंनी फोन पातेल्याजवळ धरला. आत भात खदखदत होता.

"आईकलं?"

"हां."

"मग ठेव. वाढायची वेळ झालीय."