इश्शसाहेब आणि अवघड शब्द

आमच्या मॅनेजरसाहेबांना लाज वाटायला लागली की आधी त्यांचे कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग ते छताकडे बघायला लागायचे. छताला एक जुना पंखा होता. आम्हा बायकांशी साहेब जे काही बोलले ते सगळं त्या पंख्याकडे बघून. मी नवीन लागले तेव्हा मला वाटलं, पंखा बिघडलाय आणि साहेब त्याला समजावताहेत. मीही वर बघून "हो साहेब" म्हणत राहिले.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. रत्नागिरीत हापूसचा रस डब्यात भरणारा एक सहकारी कारखाना होता, तिथं मी टायपिस्ट होते. साहेब हेदवीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. शर्टाचं गळ्यापाशी येणारं बटणसुद्धा लावायचे. कामाला चोख, मनानं गरीब. पण भाषेतले निम्मे शब्द त्यांना वर्ज्य होते. लग्नाला ते 'कार्य' म्हणत, बनियनला 'आतला शर्ट', आणि बाळंतपणाला काहीच म्हणत नसत. अकाउंटंटला मुलगी झाली तेव्हा "तुमच्याकडे वाढ झाली, अभिनंदन" म्हणाले. त्या बिचाऱ्याला वाटलं पगार वाढला. पेढे त्यानं त्याच गैरसमजात वाटले. 'इश्श' हा शब्द साहेबांच्या तोंडून कधी आला नाही, पण चेहरा सारखा तेच म्हणायचा. म्हणून आमच्या स्टोअरकीपरनं, दिलीपनं, त्यांचं नाव 'इश्शसाहेब' ठेवलं.

एका वर्षी डबे पुरवणाऱ्या कंपनीनं सिनेनटीचं चित्र असलेलं कॅलेंडर पाठवलं. फुकटचं कॅलेंडर टाकवेना आणि नटीकडे बघवेना. साहेबांनी ते उलटं करून, भिंतीकडे तोंड करून टांगलं. तारीख हवी असली की ते डोळे मिटून कॅलेंडर उचलायचे आणि समोरच्याला विचारायचे, "काय दिसतंय?" समोरचा जे दिसतंय ते सांगायला लागला की घाईघाईनं म्हणायचे, "खालचं! खालचं सांगा, आकडे!"

चेअरमनचा सक्त हुकूम होता की ऑफिसात 'प्रकरणं' होता कामा नयेत. प्रकरणं म्हणजे काय, हे साहेबांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. त्याऐवजी त्यांनी पुरुषांच्या आणि बायकांच्या टेबलांमध्ये एक लोखंडी कपाट आणून उभं केलं. कपाटाचं दार पुरुषांच्या बाजूला उघडत होतं आणि टायपिंगचे कागद आत होते. त्यामुळे मला तासातासाला उठून पलीकडे जावं लागे, आणि दार अडकायचं म्हणून ते ओढायला दिलीपला उठावं लागे. आमचं जे जमलं ते त्या कपाटाच्या दारात. कपाट आणलं नसतं तर मी त्या माणसाकडे मान वर करून पाहिलंही नसतं. दात पुढे होते त्याचे.

आमचं काहीतरी चाललंय हे साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी एक नवी सवय लावून घेतली. ते जिन्याच्या खालपासूनच खोकत यायचे. कुणालाही नको त्या अवस्थेत पाहायची पाळी येऊ नये म्हणून. आम्ही दोघं आपापल्या जागी मुकाट काम करत असलो तरी ते दारातून खोकत आत शिरायचे आणि म्हणायचे, "मी काही पाहिलं नाही."

लग्न ठरल्यावर त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. कान लाल, नजर पंख्यावर.

"तुम्ही दोघांनी... संयुक्त खातं उघडायचं ठरवलंय असं ऐकतो."

"बँकेत नाही साहेब," दिलीप म्हणाला, "लग्न करतोय."

"तेच ते. ते कार्य." साहेब कासावीस झाले. "चेअरमनसाहेबांची अशी पद्धत आहे, की दोन नोकरदारांचं असं... खातं झालं, की त्यातल्या बाईंनी राजीनामा द्यायचा."

मी रडकुंडीला आले. दिलीप हंगामी होता, सीझन संपला की घरी. कायम नोकरी माझी. त्यावरच आमचं घर उभं राहायचं होतं. साहेबांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सीझन डोक्यावर आहे. दुसरी टायपिस्ट मिळेस्तोवर थांबा." दुसरी टायपिस्ट त्यांना काही मिळाली नाही. मिळणार कशी? जाहिरात टाइप करायला त्यांनी माझ्याकडे कधी दिलीच नाही.

पुढच्या वैशाखात मला दिवस गेले. आंब्याच्या वासानं पोटात ढवळायला लागलं, आणि सबंध कारखान्याला तेवढाच एक वास. पहिल्यांदा ओळखलं गुलाबाबाईनं. आंबे कापणाऱ्या बायकांची ती पुढारी होती.

"काय गो शैले, हापूसच्या ढिगात बसून चिंच चघळतंस? मला काय कळत नाय होय?"

गुलाबाबाईला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. चेअरमनच्याही कानावर गेलं. त्यांनी साहेबांना सांगितलं, "तिला आता काढा. पोट घेऊन बसलेली बाई गिऱ्हाइकांपुढं बरी दिसत नाही." साहेबांनी मला बोलावलं. हे चेअरमनचं फर्मान मला माहीतच नव्हतं. त्या आठवड्यात आमच्याकडे अर्ध्या किलोचे नवे डबे यायचे होते, आणि माझं डोकं त्यातच होतं.

"शैलाबाई, तुमच्याकडे... नवीन... लहान... येणार असल्याचं समजतं."

"हो साहेब, लहान. अर्ध्या किलोचे."

साहेब दचकले. "इतके लहान?"

"या वेळी लहानच मागवलेत. आठवड्याभरात येतील. पाच पेट्या."

"पाच!" साहेब खुर्चीत बसले.

"गेल्या खेपेला दहा आल्या होत्या की साहेब. त्यातले निम्मे चेपलेले निघाले."

साहेबांनी पाण्याचा अख्खा तांब्या संपवला आणि मला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं. बाहेर गुलाबाबाई दाराला कान लावून उभी होती. तिनं मला सगळं उलगडून सांगितलं, आणि मी तिथंच भिंतीला टेकून हसता हसता रडायला लागले.

चेअरमननं लेखी नोटीस मागितली. आता खरी पंचाईत झाली, कारण कारखान्यात टाइप करणारी एकटी मीच. साहेबांनी मला समोर बसवलं आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. "सदरहू कर्मचारी या सध्या... या सध्या सदरहू..."

"पुढे, साहेब?"

"सदरहू परिस्थितीत..."

"कुठली परिस्थिती लिहू?"

"पूर्णविराम द्या," साहेब म्हणाले आणि घाम पुसू लागले.

एवढ्यात गुलाबाबाई आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. रसानं पिवळे झालेले हात कमरेवर ठेवून ती उभी राहिली.

"सायेब, हिला काढताव? मला चार पोरं झाली. चारी वेळा पोट लुगड्यात आवळून मी हितं उभी ऱ्हायली. का? मुकादमाला कळलं की दुसऱ्या दिवशी फाटकावरनं परत धाडायचा. आमच्या शेवंतीला धाडलान, सखूला धाडलान. तुमाला ठावं नाय?"

साहेब पंख्याकडे बघत होते. मग त्यांनी मान खाली आणली. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी गुलाबाबाईचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"नाही," ते म्हणाले, "मला खरंच ठाऊक नव्हतं."

"वर बघून कसं कळंल?" गुलाबाबाई म्हणाली आणि निघून गेली.

साहेबांनी माझ्या मशीनमधला कागद स्वतःच्या हातानं ओढून काढला. दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसापुढे त्यांनी हा विषय कसा काढला असेल देव जाणे. परत आले तेव्हा दोन्ही कान लाल होते, पण चालणं ताठ होतं.

संचालक मंडळाची सभा भरली तेव्हा इतिवृत्त लिहायला मी कोपऱ्यात होते. चेअरमननं विचारलं, "त्या टायपिस्टच्या नोटिशीचं काय झालं?"

साहेब उठले. टेबलाची कड धरली. कान, मान, कपाळ, सगळं लाल. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि सभागृह हादरेल अशा आवाजात ते ओरडले, "गरोदर!"

दाभोळचे एक वयस्कर संचालक होते, आबा. कानानं कमी. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "कोण? मॅनेजर?"

"शैलाबाई गरोदर आहेत!" साहेबांना आता थांबता येईना. "गरोदर असणं हा गुन्हा नाही. गरोदर बाईला कामावरून काढणं हा गुन्हा आहे. कायद्यानं त्यांना बाळंतपणाची पगारी रजा आहे. साली काढणाऱ्या, आंबे कापणाऱ्या गरोदर बायकांनाही फाटकावरून परत धाडता येणार नाही!"

"अहो, हळू बोला," चेअरमन इकडेतिकडे बघत म्हणाले. आता त्यांचे कान लाल झाले होते.

"नोटीस द्यायचीच असेल तर तुम्ही सही करा. आणि कारण काय, ते कामगार अधिकाऱ्यापुढे तुम्हीच तोंडानं सांगा."

चेअरमननं तोंड उघडलं. त्यांनाही तो शब्द येईना. आबांना आतापर्यंत शेजाऱ्यानं कानात सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "माझी सून शाळेत मास्तरीण. तिला रजा मिळाली, शाळा काही बुडाली नाही. द्या हो रजा. आणि चहा कधी यायचाय?"

अशी माझी रजा मंजूर झाली, चहाच्या आधी. गुलाबाबाईच्या बायकांना पगारी रजा मिळायला मात्र पुढे काही वर्षं भांडावं लागलं. पण फाटकावरून परत पाठवणं त्या सीझनपासून बंद झालं, आणि दिवस भरत आलेल्या बायकांना बसून करायचं काम मिळू लागलं.

त्या सभेनं साहेबांचं एक नुकसान झालं. त्यांची भीड गेली ती पार गेली. जो शब्द आयुष्यभर दाबून ठेवला होता, तो ते आता कुठंही वापरू लागले. बँकेच्या रांगेत एका बाईंना "तुम्ही गरोदर आहात, पुढे या" म्हणाले. त्या नव्हत्या. त्या आमच्या चेअरमनच्या मेहुणी होत्या.

चेअरमननं पुढे त्यांना मुदतवाढ दिली नाही. वेळ झाल्यावर साहेब निवृत्त होऊन हेदवीला गेले. निरोपाच्या दिवशी माझी मुलगी त्यांच्या मांडीवर होती, आणि त्यांचा स्वच्छ शर्ट तिनं ओला केला. साहेब लाजले नाहीत. गुलाबाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आता कुठं माणसात आला होतास रे." मॅनेजरला अरे-तुरे केल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही, आणि त्यांच्याही.

काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी आणि गुलाबाबाई एसटीनं हेदवीला त्यांच्या घरी गेलो. साहेबांच्या पत्नी, काकू, पडवीत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला जवळ बसवून घेतलं.

"इथं आल्यावर भारी बोलके झाले होते हो," काकू म्हणाल्या. "गावातल्या सगळ्या लेकीसुनांची चौकशी. कुणाला कितवा, कोण दवाखान्यात गेली नाही, कोण शेतात वाकून काम करते. नवऱ्यांना दारात बोलावून झापायचे. सुईण म्हणायची, हे भाऊ माझा धंदा बसवणार."

गुलाबाबाई खुदकन हसली. मग मी. मग काकूही हसल्या, अंगावर सुतकाचं पातळ असताना, डोळे पुसत पुसत. तेवढ्यात अंगणातून एक अवघडलेली पोर आली. शेजारची सून, सातवा लागलेला. ती पडवीच्या खांबाला टेकून नुसतीच उभी राहिली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"ये, बस अशी," त्या म्हणाल्या. "जेवलीस का गो आज पोटभर? खरं सांग हं, आता मलाच विचारायला हवं."