पाहुणा म्हणून आलेलं मशीन

सॅम्पलर उघडून फिल्टर काढला, तर कागद पांढराच निघाला. चोवीस तास स्वयंपाकघरात चाललेलं मशीन, समोर चूल, वर काजळीने काळं पडलेलं पत्र्याचं छत. आणि कागद पांढरा.

मी चिखलीला राहतो आणि एका लॅबसाठी जिल्हाभर हवा मोजत फिरतो. सॅम्पलर म्हणजे हवा ओढणारा पंप. ती हवा आधी वजन केलेल्या एका गोल कागदातून जाते आणि धुराचे बारीक कण कागदावर अडकतात. मग कागदाचं पुन्हा वजन करायचं. जे वाढलं, तो धूर.

घर अमडापूरजवळच्या एका गावातलं, वच्छलाबाईंचं. वय साठीच्या आसपास. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, स्टेंट टाकावा लागला. तंबाखू नाही, शुगर नाही. डॉक्टरांनी चुलीबद्दल विचारलं, तर लग्न झाल्यापासून चुलीपुढेच. घरात गॅस आहे, पण चहापुरता. भाकरी आणि आंघोळीचं पाणी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर. जळण घरचंच, आणि धूरही भरपूर.

एक संस्था गावात धुराडं असलेल्या चुली बसवून देणार होती. चुली मोजक्या होत्या. ज्या घराचं रीडिंग मर्यादेच्या वर, त्यालाच मिळणार. कागद पांढरा, म्हणजे वच्छलाबाई यादीबाहेर.

त्यांचा मुलगा प्रकाश मात्र खूश झाला. "पाय माय, मशीननं सांगतलं, आपली हवा फस्कलास हाय. डॉक्टर उगाच चुलीले नावं ठेवून राह्यला."

मी पंपाचा वेग तपासला. सुरुवातीला होता तेवढाच. जोडण्या घट्ट. मग चुलीत हात घातला. राख थंडगार.

"काल भाकरी कुठे केल्या?"

सून संगीता हसली. "जाऊबाईच्या घरी. तुमचं मशीन पाहुणं हाय ना भाऊ, त्याच्या तोंडावर धूर काऊन सोडा?" तिने सासूकडे बोट दाखवलं. "यायनंच सांगतलं, आज चूल पेटवू नको."

"अन् सडाबी टाकला," वच्छलाबाईंनी अभिमानाने भर घातली.

तिथूनच लॅबच्या सरांना फोन लावला. "सर, एक सॅम्पल बाद करतोय."

"का? मशीन बिघडलं?"

"मशीन ठीक आहे. चूल पेटली नाही."

"ते आपण कशाला बघायचं? चोवीस तास झाले, आकडा आला. भरून टाका."

"फॉर्मवर लिहिलंय, रोजच्या वापराच्या दिवशी मोजावं. यावर मी सही करणार नाही."

"रिपीटला दिवस कुठाय आपल्याकडे?"

"रविवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा करतो."

सरांनी फोन ठेवला. मी तो होकार धरला.

प्रकाशला बसवून सांगितलं. धुरातले सगळ्यात बारीक कण फुप्फुसात थांबत नाहीत, रक्तात उतरतात. वर्षानुवर्षं उतरत राहिले की रक्तवाहिन्या आतून खराब होतात आणि हार्ट अटॅकचा धोका वाढतो. मी डॉक्टर नाही. एका कागदावरून वच्छलाबाईंचा अटॅक चुलीमुळेच आला, असं मी लिहिणार नाही. पण चूल विझवून मोजलेली हवा रोजची हवा म्हणून लिहिणार नाही, हेही तेवढंच पक्कं.

"मंग वरतं पाय," वच्छलाबाई मुलाला म्हणाल्या. "तो पत्रा का चहानं काळा झाला बे?"

रविवारी नवा फिल्टर लावला. स्वयंपाक रोजचाच, पाणी रोजचंच. अट एकच घातली. चूल पेटलेली असेल तोवर वच्छलाबाईंनी ओट्यावर बसायचं.

"मशीन घरात अन् मी भायेर? मंग पाहुणा कोन झाला?" त्या कुरकुरत उठल्या. जाताना मशीनसमोर थांबल्या. "घे बाप्पा, तुले पाह्यजे होता ना धूर. खा आता."

सोमवारी कागद काढला. रंग कोऱ्या चहाचा. प्रकाशने तो हातात मागितला. मी दिला नाही, कारण बोटाचा घामही वजनात येतो. त्याने लांबूनच मोबाइलवर फोटो काढला आणि बराच वेळ बघत बसला. आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं गुंड त्याच दिवशी त्याने अंगणात नेलं. लॅबमध्ये वजन केलं, आकडा मर्यादेच्या बराच वर. घर यादीत गेलं.

त्या गावात आधी मोजलेली आठ घरं होती. मी प्रत्येक घरी जाऊन विचारलं. तीन घरांनी हाच पाहुणचार केला होता. तीनही सॅम्पल बाद केली. सर चिडले, पण रिपीटचे दिवस त्यांनीच काढले.

वच्छलाबाईंच्या घरी आता धुराड्याची चूल आहे. गेलो की चहा गॅसवरच होतो.

माझ्या फॉर्मवर पंपाच्या वेगाच्या आधी एक ओळ मी पेनने वाढवली आहे: काल चूल पेटली का, आणि कोणाच्या घरी? मशीन बाकी सगळं मोजतं. एवढं माणसालाच विचारावं लागतं.