लांडगा कुठला

लांडगा हा घनदाट जंगलातला प्राणी, असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्या जोयड्याच्या रानात तो नसतो. तिथं वाघ, गवे, रानकुत्रे. लांडग्याला मोकळं लागतं, धावायला आणि लांबून बघायला. तो खानापूर-बेळगावकडच्या माळावरचा. पण माळ संपून रान सुरू होतं त्या पट्ट्यात, रामनगर, बाजारकुणंगच्या बाजूला, भातशेतं आणि गवताळ उतार आहेत. तिथं थोडे लांडगे राहत, आणि प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना नेमके तेच हवे होते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही अजून मुंबई राज्यात होतो आणि मी जोयड्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. शेरडं-वासरं मारणारा लांडगा कोणी टिपला की त्याची कवटी कचेरीत आणून दाखवायची पद्धत होती. खानापूरच्या माळाच्या कडेची माणसंही जवळ पडतं म्हणून कवट्या आमच्याकडंच आणत. दाखवून झालं की ती मागच्या उकिरड्यावर जायची. पुण्याहून आलेल्या या प्राध्यापकांनी वरून परवानगी आणली आणि मला म्हणाले, "रावसाहेब, टाकू नका. माझ्यासाठी ठेवा." कारकुनाला रावसाहेब म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी लगेच वश झालो.

त्यांचा प्रश्न साधा होता. कोरड्या माळावरचा लांडगा आणि पावसाच्या, रानाच्या कडेचा लांडगा यांच्यात फरक पडतो का? वेगळ्या हवेत, वेगळ्या खाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या की हाडांची ठेवण बदलते का? ते कवटीची लांबी, जबड्याची रुंदी, दातांची मापं घेत. निवृत्तीला आले होते. आयुष्यात एक पुस्तक लिहायचं, ते हेच, असं म्हणत. प्रत्येक कवटीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि जनावर कुठं मारलं ते तिच्यावर लिहायचं, हे माझं काम. कोणत्या शिवारात मारलं, जवळचं गाव कोणतं, कोणी मारलं, हे प्रश्न त्यांनी माझ्याकडून शाळामास्तरासारखे घोकून घेतले होते. पहिलं वर्ष मी ते अगदी मन लावून विचारले.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी बायको हिवतापानं गेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी कचेरीत हजर होतो. लोकांनी माझ्या धीराचं कौतुक केलं. त्यात कौतुकाचं काही नव्हतं, मला काही वाटतच नव्हतं. भात शिजवायचो, खायचो, दौतीत शाई भरायचो. कोणी सांत्वनाला आलं तर त्यांना बरं वाटावं म्हणून मान हलवायचो. रडू येत नाही याची आधी लाज वाटायची, पुढं तीही वाटेनाशी झाली. बोलणं तुटलं. जिथं चार शब्द लागत तिथं मी एकावर भागवू लागलो.

कवटी घेऊन कोणी आलं की मान वर न करता विचारायचो, "कुठला?" समोरचा सांगायचा, मी लिहायचो. दीड वर्ष हे असं चाललं.

प्राध्यापक दर वर्षी दिवाळीनंतर यायचे. पुढच्या एका खेपेला ते कधी नव्हे इतके खुशीत होते. म्हणाले, "खानापूरच्या माळावर दोन तऱ्हेचे लांडगे आहेत, रावसाहेब. एक लांब तोंडाचा, एक आखूड तोंडाचा आणि रुंद जबड्याचा. एकाच माळावर, एकाच हवेत. म्हणजे हवापाण्याचा संबंध नाही, सगळं रक्तातलंच." अर्धं पुस्तक त्यांनी या एका गोष्टीवर रचायला घेतलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी चहा मागवला.

मग राज्यांच्या सीमा बदलल्या. आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, कचेरीत कानडी आली आणि जुनी कागदपत्रं नव्यानं भरायची निघाली. सरकारी काम, सहा महिने थांब, त्यामुळे व्हरांड्यात रोज रांग. त्या रांगेतून एक म्हातारे शेतकरी माझ्या टेबलापाशी आले.

"कुठले, मामा?"

"खानापूरकडलं, साहेब."

"मग अर्ज तिकडं द्यायचा. इथं कशाला आलात?"

"अवं, ऱ्हायला हितंच हाय की. बाजारकुणंगात. आज्यानं रान तोडून शेत केलं तवापास्नं. खानापूर काय म्या बघितल्यालं न्हाई."

"मग खानापूर कशाला सांगता?"

"कुठलं म्हटल्यावर मूळ गावच सांगायचं न्हवं? मागं लांडग्याचं डोस्कं आणलं, तवाबी तुमी इचारलासा आन्‌ म्या त्येच सांगितलं."

"मी लांडग्याचं विचारत होतो, मामा."

"लांडग्याला कोण इचारतंय व्हय, कुठला म्हणून? मला वाटलं, मलाच एकेरीत इचारलासा. राग आला हुता. पर तवा तुमची मालकीण नुकतीच गेली हुती म्हणून बोललो न्हाई."

मी त्यांचा अर्ज घेतला आणि नीट भरून दिला. मी स्वतः रामनगरात जन्मलो, वडीलही तिथलेच. तरी मला कोणी कुठला म्हणून विचारलं तर मीसुद्धा खानापूरच सांगतो. आमच्याकडं निम्मी माणसं तसंच सांगतात. म्हणजे चूक कळायला मला म्हाताऱ्याची गरज पडायला नको होती. रानाच्या कडेचे लांडगे मी माणसांच्या मूळ गावी नेऊन बसवले होते. माळावरचा तो दुसऱ्या तऱ्हेचा लांडगा माळावरचा नव्हताच. हवापाण्यानं फरक पडतो हेच त्या कवट्या सांगत होत्या, आणि प्राध्यापक बरोबर उलटं लिहीत होते.

गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. त्याच दिवशी मी पत्र टाकलं.

प्राध्यापक दिवाळीची वाट न बघता आले. कवट्यांची पेटी सोबत होती, हातात काठी आली होती. खानापूर लिहिलेल्या, त्या दीड वर्षातल्या अकरा कवट्या त्यांनी व्हरांड्यात ओळीनं मांडल्या.

"यातल्या माळावरच्या कोणत्या आणि इथल्या कोणत्या?"

मला सांगता येईना. त्या म्हाताऱ्यांनी आणलेली कोणती तेही सांगता येईना.

"आखूड तोंडाच्या त्या इथल्या असणार," मी म्हणालो. "नजरेनंच निवडू या."

"तसं निवडलं तर मला हवं तेच निघेल. मग मोजायचं कशाला?" ते शांतपणे म्हणाले. "आणणारी माणसं आठवतात का बघा. एखादा चेहरा आठवला तरी चालेल."

मी डोळे मिटून खरंच आठवू लागलो. त्या दीड वर्षातला एक चेहरा येईना. मग तिचा आला. तापानं ओठ सुकलेला, पाणी मागणारा. इतके दिवस तो कधीच आला नव्हता.

डोळे उघडले तेव्हा प्राध्यापक कात्रीनं चिठ्ठ्यांचे दोरे कापत होते. "नव्यानं जमवायला दहा वर्षं लागतील," ते म्हणाले. "तेवढी माझ्याकडं नाहीत." गाडीची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. अकरावा दोरा कापला गेला आणि मी रडायला लागलो. थांबेचना. कचेरीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

प्राध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, जाऊ द्या. हाडंच ती. एका पुस्तकाचं इतकं वाईट वाटून घ्यायचं नसतं."

बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडत होतो. पण ते रडणं त्यांच्या पुस्तकासाठी आहे असं मी त्यांना वाटू दिलं, कारण त्या दिवशी त्यांना द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.