बाबांनी हाताने निवडलेला ई-रीडर

शेंगा अर्ध्याच सोलून झाल्यात. दाणे ताटात, सालं मांडीवर, आणि मी ही वही घेऊन बसलेय. देवाचं नाव घेतलं आणि लिहायला लागले.

बाबा, म्हणजे माझे सासरे, पन्नास वर्षं पुस्तकांची बांधणी करत होते. घरात तीन कपाटं पुस्तकं, निम्म्यांना पुठ्ठे त्यांनीच चढवलेले. पाहुण्यालासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. आणि गेल्या महिन्यात एकदम म्हणाले, "द्या काढून सगळी. मला ते यंत्र आणा." धूळ गेली म्हणून मी खूश. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

दुकानदाराने तीन ई-रीडर समोर ठेवले. बाबांनी तिन्ही हातात तोलले, कडांवरून अंगठा फिरवला, पाठ नखाने ठोकून पाहिली.

"काका, जरा पडद्याकडे बघा की," दुकानदार म्हणाला.

"पडदा नाटकवाल्यांनी बघावा. बांधणी हाताला कळते," बाबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. पानं उलटायला कडेला बटण असलेला त्यांनी घेतला.

तेव्हापासून रोज दुपारी माझं काम चालतं आणि ते मला त्यांच्या जुन्या आवडत्या कादंबरीचं एक प्रकरण वाचून दाखवतात. अडखळणं नाही, चष्मा मागणं नाही. मी नवऱ्याला म्हटलंही, "बघा, मोठ्या अक्षरांनी काय जादू केली."

आज ई-रीडर चार्जिंगला लावायचा मी विसरले. खाली सांडलेली सालं उचलायला त्यांच्या बाजूला वाकले आणि सहज नजर त्यांच्या हातातल्या यंत्रावर गेली. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र, बाकी कोरा. आणि बाबा वाचतच होते. विहिरीवरचं भांडण, धाकट्या भावाचं पत्र, सगळं जिथल्या तिथे. थोड्या थोड्या वेळाने अंगठा बटण दाबत होता.

ते वाचत नव्हते. पाठ म्हणत होते. किती दिवसांपासून, देव जाणे.

"बाबा, आज इथवर पुरे," मी म्हटलं.

"कंटाळलीस होय? बरं. चारला छोटीला आणायचंय, तोवर जरा पडतो."

छोटी माझी मुलगी, सहा वर्षांची. शाळेतून तिला बाबाच आणतात, हात धरून, मोठा रस्ता ओलांडून. मागच्या मंगळवारी ती गुडघा फोडून आली. "पळत होती," बाबा म्हणाले. जेवताना ती माझ्या कानाशी आली. "आई, आजोबांना गाडी दिसलीच नाही. तुला सांगू नको म्हणाले." मी तिलाच रागावले, मोठ्यांवर आळ घेऊ नये म्हणून. देवा, क्षमा कर.

आता ते आतल्या खोलीत झोपलेत. दाराशी त्यांच्या चपला तयार आहेत, रोजच्यासारख्या, तोंड बाहेर करून. हे एवढं एक काम काढून घेतलं तर त्यांच्यापाशी काय उरणार? कपाटं तर आम्ही आधीच रिकामी केलीत.

सव्वातीन झाले. शेंगा राहू देत. ते उठायच्या आत मला छोटीला आणायला शाळेत जायचंय.