मोडीत गेलेला रेग्युलेटर

"माझं यंत्र कुठाय?" अंगदनं तिसऱ्यांदा विचारलं आणि साखराबाईनं तिसऱ्यांदा चुलीकडं तोंड फिरवलं.

पत्र्याच्या पेटीत, आईच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यानं ते स्वतःच्या हातानं ठेवलं होतं. समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची टाकी असते. टाकीच्या तोंडावर पितळेचा एक जड गोळा बसवायचा, त्यातून नळी निघते, आणि नळीच्या टोकाचं रबरी बोंड दातांत धरून श्वास घ्यायचा. या सगळ्याला म्हणतात रेग्युलेटर. पेटीत लुगडं होतं, रेग्युलेटर नव्हता.

"मामानं नेलं," शेवटी ती म्हणाली. "तेलगावला मोडीत घातलं. पितळ चांगली हाय म्हनला. तुला नवंकोरं आणलंय त्यानं, उद्या सत्कारात देणार हाय. मी सांगितलं म्हनू नगंस."

मोडीत! फुटका तांब्या, गळकी घागर मोडीत घालावी आणि नवं भांडं आणावं, हे इकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण पोराचा श्वास मोडीत जाऊ देणारी आई अंगदनं पहिल्यांदाच पाहिली. तो चप्पलसुद्धा न घालता मोटारसायकलवर बसला आणि तेलगाव गाठलं.

भांड्यांच्या दुकानात बद्रीनाथशेठनं कोपऱ्यातलं पोतं उपडं केलं. समया, परातीचे तुकडे, देवघरातली घंटा, आणि त्यात तो गोळा. पार चेपलेला. नळ्या आणि बोंड कापून कधीच उकिरड्यावर गेलं होतं, कारण त्यात पितळ नव्हती.

"मोड घेतली की पयला हातोडा मारतो मी," शेठ म्हणाला. "न्हाईतर लोकं दुसऱ्या दिशी परत मागाया येतात."

त्यात शेठची काहीच चूक नव्हती. तरी अंगद त्याच्याशी भांडला, आणि गाडीला किक मारून गेलेला पुन्हा माघारी येऊन आणखी एकदा भांडला.

हा अंगद म्हणजे सटवा आणि साखराबाईचा थोरला. आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, तेव्हा त्याला दिंद्रुडला मामाकडं, सुंदररावाकडं, ठेवायचे. मामानं त्याच्या कंबरेला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं, आणि पोरगं पोहायला शिकलं. पुढं कुणाची पाण्याची मोटार विहिरीत पडली की अंगदला बोलावणं यायचं. तसाच तो मालवणला पोचला, तिथं राधाकिशन नावाच्या परभणीच्या माणसानं त्याला टाकी बांधून समुद्रात कसं उतरायचं ते शिकवलं. आपलं वापरलेलं यंत्रही त्यानंच अंगदला दिलं.

आता दूरच्या एका बेटावर सहा महिन्यांचं काम लागलं होतं. पाण्याखालची प्रवाळं मोजणाऱ्या मोहिनीबाईंच्या तुकडीत. तिथं दर्या शांत असला तर महिन्याला एक बोट, नसला तर तीही नाही. दुकान नाही, मिस्त्री नाही. अशा ठिकाणी सामान चमकतं का, हे कुत्रंही विचारत नाही. बिघडलं तर आपल्या हातानं उघडता येतं का? सुटे भाग मिळतात का? शेजाऱ्याच्या सामानाचे भाग आपल्याला बसतात का? एवढंच बघायचं असतं. राधाकिशनचं यंत्र अंगदनं डोळे मिटून खोललं-जोडलं असतं. मोहिनीबाईंच्या तुकडीतही त्याच जातीची यंत्रं होती. नुकतं ते दुरुस्तीवाल्याकडून झाडूनपुसून आणलं होतं, आणि निघण्याआधी विहिरीत एकदा बघून घ्यावं म्हणून भरलेली टाकीही सोबत आणली होती. त्या सगळ्यावर मामानं हातोडा फिरवला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मारुतीच्या पारावर सत्कार झाला. फ्लेक्सवर मध्यभागी सुंदरराव, गॉगल लावून, आणि खालच्या कोपऱ्यात पासपोर्टाएवढा अंगद. वर 'समुद्रवीर' असं लिहिलेलं. कार्यक्रम भाच्याचा आणि मिरवणूक मामाची! निवडणुकीचं वारं सुटलं की सुंदररावाला भाचे, पुतणे, गुणवंत विद्यार्थी सगळे आठवत. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला, आणि मग निळ्या खोक्यातून तो झगमगता संच बाहेर आला. मोबाईलवरून मागवलेला. बनवणाऱ्याचं नाव त्यावर कुठंच नव्हतं. जिथं नाव असायला हवं तिथं सोनेरी मासा होता.

मामाचा आहेर नाकारायचा नसतो. आई बायकांत बसून पदरानं डोळे पुसत होती. अंगदनं आहेर घेतला, कपाळाला लावला आणि सरळ माईकवर म्हणाला, "चला समदे. विहिरीवर."

लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. टाळ्या पडल्या.

विहीर खोल होती, नवा संच टाकीला जोडून अंगद तळाला गेला. वर असताना बरी येणारी हवा खाली जाताच रेटून ओढावी लागली. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला हवेबरोबर पाण्याची चूळ घशात गेली. टाकीतली हवा दाखवणारा काटा होता तिथंच होता. तो खोकत वर आला, काठावर ओकला, आणि टाकीचा कॉक बंद करून त्यानं नळीतली उरलीसुरली हवा फुस्सकन सोडून दिली. मग तबकडी मामाच्या नाकासमोर धरली.

"बघा. टाकी बंद हाय. नळीत हवेचा कण न्हाई. काटा काय दावतोय?"

मामानं वाकून बघितलं. "फुल दावतोय."

"मंग?"

"फुल दावतोय म्हंजे चांगलंच हाय की बे!"

अंगदच्या डोळ्यापुढं लाल झालं. "मामा, समुद्राच्या तळाला हवा संपली आन् ह्यो काटा फुलच दावत बसला, तर माझं मढं वर आणाया तुमचा फ्लेक्स येणार हाय का?"

कुणीतरी हसलं, ते मामाला जास्त लागलं. "ज्यानं पवाया शिकवलं त्यालाच शिकवतोस? सहा-सहा महिने माझ्या घरचं खाल्लंस. आहेराला नावं ठेवतोस? तुज्या आईनंच हातानं काढून दिलंतं ते जुनं!"

तोंड पुसत अंगद घरी आला आणि सगळा राग आईवर काढला. "नवा कोयता बांधावर चालवून बघितल्याबिगर तू कधी फडावर नेलास? एकदा तरी? पात सुटंल, मूठ फिरंल, म्हनून आठ-आठ दिस वाळल्या पाचटावर चालवायचीस. आन् माझं पारखलेलं यंत्र देऊन टाकलंस! कावून दिलंस?"

साखराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "उष्टं हुतं ते."

"काय?"

"दुसऱ्यानं तोंडात धरलेलं. तूच म्हनलास, राधाकिशन सरांचं जुनं हाय. जलमभर तुला लोकायचं उतरलेलं घातलं मी. मामाच्या पोराचा सदरा, त्याचीच पाटी. आता साता समुद्रापल्याड चाललास, तर तोंडात तरी दुसऱ्याचं उष्टं नको म्हनलं."

अंगदचा राग गेला नाही, उलट दुप्पट झाला, आणि आता तो कुणावर करावा हेच कळेना. मोहिनीबाईंना त्यानं फोन करून सांगितलं, या बोटीला येत नाही. बाई म्हणाल्या, दिवाळीनंतरच्या बोटीला आलास तर ये, नाहीतर दुसरा माणूस बघते.

संध्याकाळी साखराबाईनं तो संच खोक्यात भरला, खोकं डोक्यावर घेतलं आणि जीपमध्ये बसून दिंद्रुडला गेली. भावाच्या ओट्यावर खोकं ठेवलं. आत गेली नाही, पाणी प्याली नाही. सुंदरराव दारातूनच ओरडला, "आहेर परत करतीस? मंग माहेर तुटलं म्हन!" ती तशीच जीपला परतली. हे अंगदला तिनं नाही, जीपवाल्यानं सांगितलं.

अंगद मालवणला गेला. राधाकिशननं शोधाशोध करून दुसरं यंत्र मिळवून दिलं, त्याच जातीचं, वापरलेलं. ते घेऊन तो गावी आला आणि रोज विहिरीत उतरू लागला. आईशी कामापुरतंच बोलायचा. वेशीवरचा फ्लेक्स अजून तसाच होता, येता-जाता तो त्याच्यावर थुंकायचा.

भाऊबीजेला साखराबाईनं अंगण सारवलं, ताट केलं आणि दिवसभर दिंद्रुडच्या वाटेकडं बघितलं. कुणी आलं नाही. दिवस मावळला. ती ताट घेऊन अंगणात उभी राहिली आणि लिंबामागच्या बारीक चंद्राला ओवाळू लागली. ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते.

उद्याच्या प्रवासासाठी पिशवी भरत बसलेला अंगद ताडकन उठला. "मामा जिता हाय की, आई! जाऊन आत्ता ओढून आणतो त्याला!"

"बस खाली," ती म्हणाली. ओवाळणं पुरं करून तिनं ताट ओट्यावर ठेवलं आणि त्याच्या पिशवीजवळ उकिडवी बसली. यंत्राच्या बोंडाला बोट लावलं. "ह्ये बी कुनाचं वापरलेलं?"

"हो."

"खाली जाऊन बघितलंस?"

"रोज."

"काटा हलतोय का?"

"हलतोय."

"मंग जा," म्हणाली, आणि तिनं ते आपल्या त्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.