‘अ‍ॅक्विएस’च्या पुढे ‘इन’

मंडळी, आपल्या इंग्रजी मंडळाच्या वहीत आज माझीच अडचण लिहितो.

माझी धुळ्याला बदली झाली आहे. आई इथे पिंप्राळ्यात एकटी राहील, पण नोकरी अजून कच्ची, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. दुपारी इंग्रजीत उत्तर लिहिलं. ‘मान्य आहे’ यासाठी ‘अ‍ॅक्विएस’ हा भारदस्त शब्द घातला. स्पेलिंग तीनदा तपासलं.

हेडक्लार्क नाना म्हणाले, “बदली‘ला’ मान्यता ना? मग पुढे ‘टू’ पाहिजे. ‘इन’ कसं?”

मी हट्टाने डिक्शनरी आणली. ‘इन’च बरोबर निघालं. नाना मात्र अर्थ वाचत राहिले, “मनात नसताना मुकाट्याने मान्य करणे.” मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, “भाऊ, मुकाट्याने करायचं ते तू टाईप करून साहेबांना कळवतोस?”

कागद नानांकडे आहे, उद्या सकाळी साहेबांपुढे जाईल. ‘आनंदाने’ लिहिलं तर ते खोटं होईल. हा शब्द ठेवला तर नोकरी जाईल, अशी धास्ती वाटते.

शब्द अगदी बरोबर बसला आहे, हीच पंचाईत. तुम्ही असता तर खोडला असता का?